सासऱ्यांना घेऊन इस्तंबूलला कसं उतरावं

हे मार्गदर्शन सर्वांसाठी नाही. तुमचं इस्तंबूलवर आधीपासून प्रेम असलं पाहिजे, नवऱ्याची रजा ऐन वेळी नामंजूर झालेली असली पाहिजे आणि व्हिसा-तिकिटासह तयार बसलेले तिसरे प्रवासी, म्हणजे तुमचे सासरे अण्णा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले असले पाहिजेत. यातलं एखादं कलम कमी पडत असेल तर सरळ एखादं प्रवासवर्णन वाचावं. मराठीत त्यांची टंचाई नाही.

पूर्वतयारी

तुमची यादी तयार असेलच. आयासोफ्याचा घुमट, तोपकापी राजवाडा, ओरहान पामुक यांनी आपल्या कादंबरीतल्या वस्तू मांडून 2012 साली चुकुरजुमात उघडलेलं संग्रहालय, गलाता पुलावरून सूर्यास्त. ही यादी बॅगेच्या तळाशी ठेवा. अण्णांची तयारी वेगळी असते. खिशात मावणारी वही, पेन आणि भारतीय वेळेवर चालणारं घड्याळ. तुर्कस्तान आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, पण घड्याळाचे काटे फिरवायला सांगू नका. मग पुढचे सगळे दिवस शहरातली प्रत्येक गाडी वहीत ‘अडीच तास लेट’ अशी नोंदवली जाईल. त्याने इस्तंबूलचं काही बिघडत नाही.

उतरल्यावर

2018 साली उघडलेला नवा विमानतळ शहराबाहेर पार उत्तरेला, काळ्या समुद्राच्या बाजूला आहे. मेट्रो आहे, तरी पहिल्यांदा बसनेच जा. बस सुटेल. अण्णा मागे वळून पाहतील, मग पुढे, मग तुमच्याकडे.

“वाहक कुठाय?”

“नाहीये, अण्णा. विनावाहक गाडी आहे.”

विनावाहक गाड्या आपल्याकडेही निघाल्या. त्या निघाल्या तेव्हा अण्णांच्या आगारात काय वातावरण होतं ते तुम्हाला माहीत नाही. आत्ता विचारू नका. खिडकीबाहेर बोट करून “ती बघा केवढी मशीद” म्हणा. इस्तंबूलमध्ये हे वाक्य कुठेही, कधीही चालतं.

शहरात पोचलात की इस्तंबूलकार्ट विकत घ्या, त्यात पैसे भरा आणि ते अण्णांच्या हाती द्या. या लेखातली एवढी एकच सूचना सक्तीची आहे. बस, ट्राम, मेट्रो, फेरीबोट, सगळीकडे हेच कार्ड चालतं, एका कार्डावर दोघांना जाता येतं आणि ठरावीक वेळेत गाडी बदलली तर पुढचं भाडं कमी पडतं. ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांचे सुट्टे पैसे सांभाळले, त्याला एकदम नुसता प्रवासी करून टाकू नये. कार्ड हाती आलं की अण्णांची चाल बदलते. आधी ते तुम्हाला आत सोडतात, मागे आपलं कोणी राहिलं नाही ना ते बघतात, मग स्वतः शिरतात. सुलतानअहमेतकडे जाणाऱ्या ट्राममध्ये दाराशी गर्दी साचते आणि मधली जागा रिकामी असते. “आत सरका, मध्ये सगळं मोकळं आहे!” असं अण्णा खणखणीत मराठीत ओरडतील. लोक सरकतील. याचं स्पष्टीकरण शोधत बसू नका.

आयासोफ्याला तुम्ही जाणारच. सन 537 मधली वास्तू, 2020 पासून पुन्हा मशीद; परदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने वरच्या सज्जात नेतात आणि त्याचे 25 युरो घेतात. हा आकडा ऐकून अण्णा बाहेरच्या बाकावर बसतील. बसू द्या. डोक्यावर ओढणी घेऊन तुम्ही पंधराशे वर्षांच्या घुमटाखाली गहिवरून याल, तोवर त्यांच्या वहीत किती ट्रामा गेल्या, किती भरून गेल्या आणि कोणत्या दोन एकामागोमाग आल्या, हे सगळं उतरलेलं असेल. दोघांच्याही डोळ्यांत सारखंच पाणी असतं. त्यांचं उन्हामुळे, असं ते सांगतील.

काय दाखवावं

तुनेल दाखवा. काराकयच्या धक्क्याजवळून बेयोलुच्या चढावर नेणारी ही भुयारी रेल्वे 1875 ची, म्हणजे लंडनच्या 1863 च्या रेल्वेनंतरची जगातली दुसरी. लांबी 573 मीटर, मधे थांबा नाही, दीड मिनिटात खेळ खलास. पूर्वी तिच्या एका डब्यात माणसं आणि दुसऱ्यात सामान नि जनावरं जात. “बकरीला किती घ्यायचे?” असा प्रश्न येईल. ठोकून देऊ नका, अण्णा उत्तर पडताळून पाहतात.

मेट्रोबुसही दाखवा. महामार्गाच्या मधोमध तिची स्वतंत्र मार्गिका आहे, रात्रभर चालते आणि थांबे मधे, दारं उजवीकडे असल्यामुळे ती बहुतेक ठिकाणी उलट्या म्हणजे डाव्या बाजूने पळते. “ही एकच गाडी नीट चालवतायत,” असा शेरा मिळेल.

पण खरा मुक्काम मार्मारायला ठेवा. ही रेल्वे बॉस्फरसच्या तळाखालून युरोपातून आशियात जाते. ती 29 ऑक्टोबर 2013 ला सुरू झाली, आणि वेळेवर मुळीच नाही. येनिकापीला खोदकाम करताना बायझंटाइन काळातलं बंदर लागलं, त्यात 37 जुनी जहाजं निघाली आणि पुरातत्त्ववाल्यांनी काम काही वर्षं रोखून धरलं. उशिराची सगळी कारणं अण्णांनी ऐकलेली आहेत: टायर, घाट, रास्ता रोको, लग्नाचं वऱ्हाड. जहाज आडवं आल्याचं नाही. हे ते वहीत अधोरेखित करतील.

पुढची गंमत बाहेर पडताना. आत शिरताना कार्डातून शेवटच्या स्टेशनापर्यंतचं भाडं कापलं जातं आणि उतरल्यावर दाराजवळच्या यंत्राला कार्ड लावलं की न केलेल्या प्रवासाचे पैसे परत जमा होतात. टप्प्याटप्प्याने भाडं आकारण्यात आयुष्य गेलेला माणूस हे ऐकून जागीच थांबतो. “अलीकडच्या थांब्यावर उतरला तर पैसे परत? आणि तेही न भांडता?” कार्ड लावून झालं तरी अण्णा यंत्रापासून हलणार नाहीत. पैसे परत न घेताच निघालेल्या पर्यटकांना ते अडवतील, यंत्र दाखवतील, वेळ पडल्यास दंडाला धरून आणतील. तुम्ही शेजारच्या दुकानातून खायला एक सिमित घ्या. दोन घ्या, वेळ लागतो.

परतताना कादिकयहून एमिनोनुची फेरीबोट पकडा. धक्का सोडताच उजव्या हाताला हैदरपाशाचं जुनं रेल्वे स्टेशन दिसतं. जर्मनांनी बांधलेलं, पाय पाण्यात सोडून बसल्यासारखं. ते तुम्हीच बघा. अण्णांची नजर चहावाल्यावर असेल. भरलेल्या पेल्यांचा ट्रे एका हातावर तोलत, बाकांच्या मधून वाट काढत, कोणाचे पैसे आले आणि कोणाचे राहिले हे डोक्यात ठेवून तो फिरतो. “हा बघ वाहक,” अण्णा म्हणतील. “मी म्हणत होतो ना, कुठे तरी ठेवला असणार.” त्याला ते बरोब्बर सुट्टे पैसे देतील.

काय टाळावं

दोल्मुश म्हणजे शेअरची मिनीबस, भरली की सुटते. तिला वडाप म्हणू नका. निदान अण्णा आत बसेपर्यंत तरी म्हणू नका. एसटीच्या स्टँडसमोरून प्रवासी पळवणाऱ्या जिपांशी त्यांचं पिढीजात वैर आहे आणि ते त्यांनी सोबत आणलेलं आहे. कादिकय-तकसीम मार्गावर त्यांना मधल्या रांगेत बसवा. थोड्या वेळाने मागून कोणीतरी त्यांच्या खांद्यावर टिचकी मारून नोट पुढे करेल. ती पुढे द्यायची असते. ड्रायव्हर एका हाताने गाडी हाकत सुट्टे काढतो आणि ते त्याच वाटेने, हातोहात मागे जातात. कोणी मोजत नाही, कोणी खात नाही. तकसीम येईपर्यंत अख्ख्या गाडीचा हिशेब अण्णांच्या हातून गेलेला असेल. उतरल्यावर “हे वडापच की” असं तेच म्हणतील. तुम्ही चकित झाल्याचा चेहरा करा.

परतीच्या वेळी

विमानतळावर तीन तास आधी पोचा. सामान द्यायला एक तास पुरतो. उरलेले दोन हिशेबाचे. अण्णा वही उघडतील, कार्डात भरलेली रक्कम, प्रत्येक टप्प्याचं भाडं, मार्मारायचे परतावे, सगळं मांडतील आणि दहा लिरा कमी येतील. तुमच्या लेखी दहा लिरा म्हणजे काहीच नाही, हे बोलू नका. आगारात रोकड भरताना कमी पडलेली रक्कम वाहकाच्या खिशातून जाते. ते पाकीट काढून दहाची नोट तुमच्यासमोर धरतील. घ्या. पावती मागतील, तीही द्या. वहीचं शेवटचं पान त्यासाठी कोरं ठेवलेलं असतं.