सपत्नीक गळशास्त्र

ट्राउट यवतमाळ जिल्ह्यात मिळत नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर परदेशी तळ्यांचे व्हिडिओ बघून ज्यांच्या मनात पत्नीला गळाची गोडी लावण्याचा संकल्प उगवला आहे, त्यांनी हे आधी पक्कं करून घ्यावं. त्या व्हिडिओत नवरा-बायको एकाच रंगाची जाकिटं घालून धुक्यात बसलेले असतात, थर्मासमधलं काहीतरी वाफाळतं पितात, आणि दर तीन मिनिटांनी एक ठिपकेदार मासा वर काढून एकमेकांकडे बघून हसतात. ट्राउटला थंड, वाहतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. गोऱ्या साहेबाला विलायतेची आठवण येई, म्हणून त्याने तो काश्मीरात आणि निलगिरीत आणून सोडला. तिथे तो टिकला. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो. इथे सोडलेला ट्राउट गळ न टाकताच हाती लागेल, तोही अर्धा शिजून.

सबब प्रस्तुत ग्रंथात ट्राउटच्या जागी रोहू, तळ्याच्या जागी पूस धरण आणि जाकिटाच्या जागी डोक्याला गुंडाळायचा दुपट्टा समजावा. पूस धरण म्हणजे पुसदजवळ पूस नदी अडवून 1971 साली पुरं झालेलं मातीचं धरण. पुसदने महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री म्हणून दिले, हे पुसदचा माणूस परक्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. सहाव्या मिनिटाला धरण दाखवायला नेतो.

कोणत्याही शास्त्रात आधी अधिकारी, विषय आणि प्रयोजन सांगायची रीत आहे. अधिकारी: चाळिशी ओलांडलेला, घरात फारसं कुणी विचारत नसलेला, पण धरणावर आपल्याइतकं कुणालाच कळत नाही अशी खात्री असलेला नवरा. विषय: गळ. प्रयोजन: वरवर पाहता पत्नीला मोकळी हवा मिळावी. आतलं प्रयोजन असं की, एवढी वर्षं आपण मासे काढतो आहोत आणि ते काढताना बघणारं कुणी नाही. घरी येऊन सांगितलेला मासा हाताच्या अंतराने मोजतात आणि त्यातून निम्मा वजा करतात. साक्षीदार हवा.

सासुरवाडीबद्दल. आमचे सासरे माळकरी आहेत. त्यांच्यासमोर माशाचा विषय मत्स्यावताराच्या संदर्भातच काढावा. गळाची पिशवी दिसलीच तर धरणाची पातळी बघायला चाललो, असं म्हणावं. विदर्भात पाण्याची पातळी बघायला निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही. मात्र परतल्यावर ते ‘किती टक्के हाये?’ असं विचारतातच, म्हणून त्या दिवशीचा आकडा पाठ असावा. त्यांची लेकही, म्हणजे आमची पत्नी, वडिलांवर गेली आहे. ती मासा खात नाही. बरोबर यायला ती एका अटीवर कबूल झाली: मासा घरात येणार नाही, माशाची पिशवी फ्रिजात जाणार नाही, आणि तिच्या शाळेतल्या कुणाला हे कळणार नाही. ती विज्ञान शिकवते. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा पुरेसं गंभीरपणे घेतलं नव्हतं.

परवानगी. धरणातले मासे देवाचे नसतात, मच्छीमार सहकारी संस्थेचे असतात. संस्था ठेका घेते, पैसे मोजून मत्स्यबीज सोडते, बोटुकली वाढायची वाट बघते. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 ला हिरालाल चौधरींनी या माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन वीण घडवून आणली, तेव्हापासून नदीतलं बीज गोळा करत फिरण्याची कटकट सुटली आणि देशभरची तळी-धरणं माशांनी भरता आली. म्हणजे आपण गळाला लावतो तो मासा कुणीतरी गुंतवणूक म्हणून सोडलेला आहे. संस्थेच्या माणसाला आधी विचारावं, जे काय ठरेल ते द्यावं, मगच पिशवी उघडावी. ‘आपल्याला कोण विचारतं’ म्हणणारे बहुधा मोटारीतून आलेले असतात.

ऋतू. मृगाचा पाऊस पडला की ओढ्याला चढणीचे मासे लागतात आणि गावची गावं काठ्या, साड्या, मच्छरदाण्या घेऊन धावतात. त्यात पत्नीला नेऊ नये आणि आपणही जाऊ नये. पोटात अंडी घेऊन वर चढणारा मासा मारण्यात कसलं आलंय शास्त्र! ऐन थंडीत रोहूची भूक मंदावते. तेव्हा नुसतं बसणं होतं, आणि नव्या माणसाला पहिल्याच खेपेला नुसतं बसवलं तर दुसरी खेप होत नाही. पावसाळा सरल्यानंतरचा ऑक्टोबर बरा, फेब्रुवारी-मार्च त्याहून बरा. उन्हाळ्यात गेलात तर नऊच्या आत घरी.

चारा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. माशांचे प्रकार, त्यांना काय खाऊ घालून जवळ आणावं, गळ कसा टाकावा, हे सगळं राजाने स्वतः लक्ष घालून लिहिलं. पुढे मद्रासकडच्या हेन्री सलिव्हन थॉमस या साहेबाने 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं. दोन्ही ग्रंथकारांकडे चारा भिजवायला माणसं होती. माझा समज होता की आता माझ्याकडेही एक आहे. शेंगदाण्याची ढेप रात्री भिजत घातली, सकाळी कोंडा आणि कणीक पुढे ठेवली, आणि सूचक शांतता पाळली. ‘तुमची ढेप तुम्ही मळा,’ ती चहा ओतत म्हणाली. ढेप स्वतः मळावी. गोळा असा व्हावा की फेकताना हवेत फुटू नये आणि तळाशी गेल्यावर हळूहळू सुटत राहावा. दोनचार गोळे एकाच जागी टाकावेत, मग तिथेच गळ. ज्याला ही जागा दर वेळी त्याच ठिकाणी साधते त्याला निम्मं शास्त्र आलं. बाकीचे धरणभर ढेप वाटत फिरतात.

साहित्य. रीळ नि रॉड शहरातून आणता येतो. नव्या माणसाच्या हाती आधी साधा बांबू, तंगूस आणि छोटा गळ द्यावा. तरंगायला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा उत्तम. एक पक्कडही असावी. गळ बोटात रुतला की तिचं महत्त्व आपोआप समजतं.

गाठ आवळण्याआधी ओली करावी. कोरडा तंगूस आवळताना घासून तापतो आणि नेमका तिथेच तुटतो, तोही मोठा मासा असताना. ओली कशाने करायची? तोंडात धरून. हे पत्नीला करून दाखवू नये. आपलं आपण पाठ फिरवून करावं.

आता या शास्त्राचं हृदय: मौन.

गळ टाकणाऱ्या प्रत्येक पुरुषाने मौनाचा नियम कुणाकडून तरी घेतलेला असतो आणि पुढच्याला अधिक कडक करून दिलेला असतो. काठावर बोलायचं नाही. खोकायचं नाही. डबा उघडताना झाकणाचा आवाज करायचा नाही. सपत्नीक गळविधीत तर हा नियम पहिल्याच मिनिटाला, ओठांवर बोट ठेवून, शक्य तितक्या ऋषितुल्य चेहऱ्याने सांगावा. मी सांगितला. ती पाचेक मिनिटं गप्प बसली. मग नेहमीच्या, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, ‘अहो, हवेतला आवाज पाण्यात फारसा जात नाही. पृष्ठभागावरून बराचसा परत फिरतो. तुम्ही मघा दगडावरून धप्पकन उडी मारली ना, ते मात्र जमिनीतून थेट पाण्यात गेलं असणार.’

या वाक्यावर कोणत्याही शास्त्रात उत्तर नाही. ते बरोबर आहे. काठाला पाय हलके टाकावेत, बादली आपटू नये, पाण्यावर आपली सावली पडू देऊ नये. बोलायला मासा हरकत घेत नाही. हरकत नवऱ्याची असते. रविवारी सकाळी कुणी आपल्याला गॅसच्या नंबराची आठवण करून देऊ नये एवढ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी बिचाऱ्या रोहूला पुढे केलं आहे. आणि हा नियम ज्या सकाळी मोडला त्याच सकाळी ती उठून, चप्पल हातात घेऊन, काठाकाठाने पलीकडे गेली. तिथे एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या.

मावशी ढिवराच्या. घरचे पुरुष पहाटे ट्यूबवर बसून जाळी काढायला जातात, त्या काठावर मासे निवडून बाजाराला नेतात. हिचा माशाशी संबंध नाही, त्यांचा शाळेशी नाही, पण दोघींची बोलणी जी सुरू झाली ती मी तीनदा चारा बदलला तरी संपली नाहीत. परत आली ती नवं ज्ञान घेऊन. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मग तुम्ही सगळ्यांसाठी एकाच खोलीवर गळ का सोडता? पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग उठली तर खाली मासा चिखल उकरतोय असं समजावं. तळाचा मासा चारा उचलतो तेव्हा तरंगणारं रबर बुडण्याऐवजी आडवं पडतं, ती ओढायची वेळ. यातलं बरंचसं मलाही माहीत होतं. मी ते क्रमाक्रमाने, योग्य वेळी सांगणार होतो.

‘आणि मावशी म्हणत होत्या,’ तिने पुढे चालू ठेवलं, ‘तुमचे साहेब नेहमी त्याच दगडावर बसते, बाप्पा. तिथं मासा राहातच नाही.’

दगडावर सावली असते. मी सावलीसाठी बसतो. जागा निवडण्याचा शास्त्रोक्त नियम वेगळा आहे: वारा ज्या काठाकडे पाणी ढकलतो त्या काठाला खाणं जमा होतं आणि मागोमाग मासा येतो. पण तिथे वारा तोंडावर येतो, फेकलेला गळ परत आपल्याच दुपट्ट्यात बसतो, आणि बेशरमाची झुडपं काठभर माजलेली असल्याने उरलेला तंगूस त्यांत. तरीही हल्ली आम्ही तिथेच बसतो, कारण मावशी तिथे बसतात.

मरळीबद्दल मावशींनी जे सांगितलं ते तर हिने वहीत लिहून वर्गात नेलं. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते. पिलं झाली की आई-बाप त्यांना सोडत नाहीत. काठच्या गवतात लालसर पिलांचा घोळका एकत्र फिरतो आणि खाली मोठा मासा राखण करतो. तो त्या वेळी समोर हललेल्या कशावरही धावून येतो, म्हणून पकडायला सगळ्यात सोपा. गळवाले याला कौशल्य म्हणतात. ‘मोठी काढली की पिल्लं घंटाभरात साफ,’ मावशी म्हणाल्या. घोळका दिसला की आमच्याकडे गळ गुंडाळला जातो. हा नियम मी केलेला नाही, पण ग्रंथात घालायला तयार आहे.

इतर जनता. सुटीच्या दिवशी धरणाच्या भिंतीकडे गाड्या येतात, दारं उघडी टाकून गाणी लावतात, आणि जाताना प्लेट, ग्लास, बाटल्या पाण्याला अर्पण करून जातात. यावर मी वर्षानुवर्षं दातओठ खात मौन पाळत आलो. हिने एका टोळक्यासमोर उभं राहून फक्त एवढंच म्हटलं, ‘हे कोण उचलणार?’ चांगली मिशीवाली पोरं मुकाट वाकून उचलू लागली. त्यातल्या एकाने तिला ‘मॅडम’ म्हटलं, बहुधा जुना विद्यार्थी. गुप्ततेची अट तिथेच संपली. आमच्या गळवाल्यांनाही सांगतो: तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. तो कुजत नाही. बगळ्याच्या पायात गुंततो आणि मग बगळा तसाच लंगडत हिंडतो. घरी आणा, बारीक कापून कचऱ्यात टाका.

पत्नीच्या हाती गळ देण्याचा विधी इथे यायला हवा होता. तो झाला. तिने बांबू धरला, रबर आडवं पडलं, मी ‘ओढ!’ म्हणून ओरडलो, आणि तिने तो माझ्या हाती देऊन म्हटलं, ‘तुम्हीच ओढा, मी बघते.’ मी ओढला. किलोभराचा रोहू होता, जास्तच असेल. ओल्या हाताने धरला, कोरड्या हाताने धरलं की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग सोडूनही तो जगेलच असं नाही. तिने जवळ येऊन नीट पाहिला, खवल्यांवरून बोट फिरवलं. मावशींना विचारून पाण्यात सोडला. साक्षीदार मिळाला. घरी कुणी मोजायला आलं तर हात किती ताणायचे हे आता तीच ठरवते, आणि कमीच ताणते.

अंतिम कलम. येत्या रविवारी मावशींच्या नातीचं बारसं आहे. आमंत्रण हिला आहे. धरण मोकळं आहे, ढेप घरात आहे, एकट्याने गळ टाकण्याचं शास्त्र मला उत्तम येतं. तरी मी काल सहज विचारून ठेवलं, मलाही नेशील का म्हणून. बघू म्हणाली.