हाफपँटमधले महापुरुष

जुलैचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या ग्रीन बेमध्ये कामं होत नाहीत. प्लंबर येतो म्हणतो आणि येत नाही, दाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आपोआप पुढे जाते, आणि कोणी कोणाला कारण विचारत नाही. पॅकर्सचा ट्रेनिंग कॅम्प सुरू झालेला असतो. गाव म्हणाल तर लाखभर वस्तीचं. अमेरिकन फुटबॉलच्या सबंध लीगमध्ये एवढ्याशा गावाचा दुसरा संघ नाही. खरे सामने सुरू व्हायला सप्टेंबर उजाडतो. तोवर फक्त सराव आणि चर्चा. सराव नव्वद जणांनी करायचा, चर्चा उरलेल्या गावानं.

मी मूळचा बल्लारपूरचा. कागदाच्या यंत्रांच्या मागे मागे फॉक्स नदीकाठच्या या मिलवाल्या मुलखात आलो आणि इथलाच झालो. इथं कोणी नवीन भेटला की हवापाण्याच्या आधी क्वार्टरबॅक निघतो. हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. जवळजवळ प्रत्येक चालीला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. पुढचे तीनेक सेकंद त्याचे. तेवढ्यात आपले गडी कुठे पळताहेत, त्यांतला कोण मोकळा होणार, हे बघून तो गडी अजून जिथे पोचलेला नाही तिथे चेंडू टाकायचा. चौथ्या सेकंदाला सव्वाशे-दीडशे किलोचे चार सद्गृहस्थ अंगावर येऊन बसतात. संघ जिंकला तर याच्यामुळे, हरला तर याच्यामुळेच.

कॅम्पमध्ये मात्र याला लाल जर्सी घालतात, आणि लाल जर्सीवाल्याला शिवायचं नाही असा दंडक असतो. कद नेसून देवघराकडे निघालेले आजोबा दिसले की घरातली पोरं जशी भिंतीला चिकटतात, तसे ते दीडशे किलोचे सद्गृहस्थ त्याच्यापाशी आले की हात वर करून बाजूला होतात. पहिले काही दिवस तर कोणाच्याच अंगावर खांद्याची चिलखतं नसतात. हाफपँट, टीशर्ट आणि डोक्यावर हेल्मेट. अशा सोवळ्यात टाकलेल्या चेंडूवरून आमच्या गावात माणसाची थोरवी ठरते.

सराव लॅम्बो स्टेडियमशेजारच्या रे निट्श्की मैदानावर चालतो. तिथे जायची इथली रीत बघण्यासारखी आहे. खेळाडू स्टेडियममधून बाहेर येतात तेव्हा गावातली पोरं आपापल्या सायकली घेऊन रांगेत उभी असतात. खेळाडूनं एक सायकल निवडायची, तिच्यावर बसून मैदान गाठायचं, आणि पोरानं त्याचं हेल्मेट छातीशी धरून शेजारून पळायचं. प्रशिक्षक लोम्बार्डींच्या काळापासून हे चालू आहे. मी एकदा एका आडदांड गड्याला दुसरीतल्या मुलीच्या गुलाबी सायकलवर पाहिलं. गुडघे कानाशी, हँडलला झिरमिळ्या, पुढे टोपली, टोपलीत बाहुली. सायकल कुरकुरत होती, आणि ती पोरगी त्याला मागून ओरडून सांगत होती, "ब्रेक नीट लागत नाही, हळू!" वर्षाला लक्षावधी डॉलर कमावणारा तो माणूस निमूटपणे पाय टेकवत टेकवत गेला.

तर या मैदानाच्या कडेला, पायऱ्यांवर, आमचं मंडळ बसतं. अध्यक्ष शेजारचे तात्या. निवृत्त मिल फोरमन, ऐंशी उलटलेली, जन्म इथलाच. तात्या हे नाव आमच्या घरानं ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक आहे आणि चालतंही. दुसऱ्या मावशी. यांचं केस कापायचं दुकान आहे आणि माझं डोकं बरीच वर्षं त्यांच्या ताब्यात असल्यानं मी त्यांच्याशी फारसा वाद घालत नाही. तिसरे आमचे चिरंजीव, जे हातातल्या फोनवरून नजर न उचलता सगळा सराव पाहतात.

विषय एकच: थोर कोण?

तात्यांचं उत्तर बार्ट स्टार. १९५६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर उचललेला पोरगा. आता ड्राफ्टच्या सातच फेऱ्या होतात, म्हणजे आजच्या हिशेबानं सतरावी फेरी म्हणजे पंगत उठल्यावरची. त्या पोरानं पाच विजेतेपदं आणली, पहिल्या दोन्ही सुपर बोलांत, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यांत, सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि बाद फेरीचे दहा सामने खेळून एकच हरला. तात्या पुढे ३१ डिसेंबर १९६७वर येतात. डॅलसविरुद्धचा सामना, उणे पंचवीस सेल्सियस, मैदानाखाली बसवलेली गरम करायची यंत्रणा बंद पडलेली, पंचांच्या शिट्ट्या गोठलेल्या. सोळा सेकंद उरलेले असताना स्टार स्वतःच चेंडू घेऊन घुसला. तात्या त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. स्टेडियममध्ये तेव्हा पन्नास हजार माणसं मावत होती. "मी होतो" म्हणणारे मला आजवर भेटले त्यावरून निदान चार लाख तरी असावीत.

मावशींचा ब्रेट फार्व. त्यांचा निकष हजेरी. १९९२पासून लागोपाठ २९७ सामन्यांची सुरुवात या माणसानं केली, अंगठा मोडलेला असताना केली, वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी केली. "माझ्या दुकानातली पोरगी सर्दी झाली म्हणून येत नाही," हे त्या प्रत्येक वेळी जोडतात. चिरंजीव हळूच सांगतात की याच माणसानं ३३६ वेळा चेंडू थेट शत्रूच्या हातात दिला आणि हा विक्रम मोडायच्या जवळपासही कोणी नाही. त्यावर मावशींचं उत्तर तयार असतं. "देणाऱ्याचा हात मोठा होता."

चिरंजीवांचा ॲरन रॉजर्स. चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि ग्रीन बेसाठी ४७५ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे चेंडू, टाकताना शत्रूला चेंडू फक्त १०५ वेळा. चिरंजीवांचा देव म्हणजे पासर रेटिंग. ते काढायचं सूत्र मी कागदावर मांडून पाहिलंय. इंजिनिअर असूनही सांगतो, त्यात कमाल गुण शंभर नसून १५८.३ का आहेत हे समजावून घ्यायचं असेल तर रविवार मोकळा ठेवावा. या सूत्राची खुमारी पुढेच आहे. क्वार्टरबॅकनं प्रत्येक चेंडू नुसता जमिनीवर आपटला, एकही आपल्या गड्याला दिला नाही आणि एकही शत्रूला दिला नाही, तरी त्याला ३९.६ गुण मिळतात. पस्तीसला पास होऊन वाढलेल्या माझ्या पिढीला हे सूत्र फार माणुसकीचं वाटतं. आणि मोठमोठे क्वार्टरबॅक एखाद्या सामन्यात याहूनही खाली गेलेले आहेत, म्हणजे त्या दिवशी त्यांनी चेंडू आपटत बसणंच शहाणपणाचं होतं.

इतकी वर्षं ऐकून माझ्या एक गोष्ट ध्यानात आलीय. यांचे निकष माणसाला लावायला नसतात. आधी माणूस ठरतो आणि मग त्याच्या मापाचा निकष शिवून घेतला जातो. तात्या म्हणतात, विजेतेपदं मोजा. ठीक. मी म्हटलं, मग टॉम ब्रॅडीची सात आहेत, आणि तोही १९९वा, स्टारहून एकच नंबर वरचा. तात्यांनी एक क्षणही न दवडता विजेतेपदं सोडली. "ब्रॅडीच्या हेल्मेटात रेडिओ होता. कोच कानात सांगायचा, हा खेळायचा. स्टार आपल्या चाली आपण ठरवायचा." हे खरंच आहे, हेल्मेटात रेडिओ आला तो १९९४ साली. पण मग विजेतेपदांचं काय? "विजेतेपदं तर आहेतच," तात्या म्हणाले. चिरंजीवही त्याच वाणाचे. रॉजर्सचा सुपर बोल एकच, असं कोणी म्हटलं की ते समजावतात, विजेतेपद संघाचं असतं, एका माणसाला ते लावणं अशास्त्रीय आहे. पाच मिनिटांनी कोणी मायामीच्या डॅन मरीनोचं नाव काढलं की हेच शास्त्रज्ञ म्हणतात, "त्याला एकही नाही जिंकता आला!"

यात एक हळवा कोपरा आहे. फार्व मार्च २००८मध्ये रडत निवृत्त झाला आणि जुलैत म्हणाला, मला खेळायचंय. त्या ऑगस्टात गाव उभं चिरलं गेलं. सरावाला आलेल्या रॉजर्सची हुर्यो उडवणारेही होते. शेवटी फार्वला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं. वर्षानं तो मिनेसोटाच्या, म्हणजे साक्षात भाऊबंदांच्या, जांभळ्या कपड्यांत उतरला आणि त्यानं एका मोसमात आम्हाला दोनदा हरवलं. मावशींनी दुकानातला त्याचा फोटो उतरवला. २०१५ साली संघानं त्याचा चार नंबर सन्मानानं निवृत्त केला, तेव्हा तो पुन्हा वर चढला. मग २०२३च्या वसंतात रॉजर्सही गेला, आणि कुठे, तर त्याच न्यूयॉर्क जेट्सकडे. तिथल्या पहिल्याच सामन्यात, चौथ्याच चालीला, त्याच्या टाचेची शीर तुटली. चिरंजीव खोलीतलं पोस्टर काढून कचऱ्यात टाकायला निघाले होते. मावशींनी निरोप धाडला, "फेकू नकोस. सात वर्षं लागतात."

आताचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह. २०२४च्या जुलैत तो कॅम्पला रोज यायचा, पण करार होईपर्यंत सरावात चेंडू टाकायचा नाही. आम्ही ऊन खात, चेंडू न टाकणाऱ्या माणसाच्या थोरवीवर चर्चा करायचो. अखेर चार वर्षांसाठी बावीस कोटी डॉलरचा करार झाला आणि तात्या काळजीत पडले. "आपल्याला झेपेल ना रे?" इथं हा 'आपल्याला' जरा उलगडायला हवा. पॅकर्सना शेठ नाही. संघ पाच लाखांवर भागधारकांचा आहे, आणि तात्यांकडे वडिलांनी १९५०मध्ये घेतलेला शेअर वारसानं आलाय. २०२१ साली तीनशे डॉलरला एक असे नवे शेअर निघाले तेव्हा मीही एक घेतला. घरी चौकशी झाली.

"लाभांश किती?"

"नाही मिळत."

"विकला तर?"

"विकता येत नाही. पोराला देता येतो."

"मग त्या तीनशे डॉलरचं आलं काय?"

"मालकी."

बायकोनं ती रक्कम रुपयांत गुणली आणि मालकांना भाजी निवडायला बसवलं.

पण थोरांचा वाद म्हणजे नुसती पूर्वपीठिका. कॅम्पचा खरा रंग नवख्यांवरच्या भाकितांत आहे. नव्वदांतले त्रेपन्न ठेवायचे, बाकीच्यांना ऑगस्टअखेर नारळ. त्यामुळे प्रत्येक प्रेक्षक तळातला एकेक पोरगा दत्तक घेतो. ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी विचारलं नाही असा असेल तर उत्तम. आणि या बाबतीत आमच्या गावाचं कायमचं वाटोळं कर्ट वॉर्नरनं करून ठेवलंय. १९९४च्या कॅम्पला तो इथं आला, फार्व आणि आणखी दोघे पुढे असल्यानं त्याला घरी पाठवलं. तो आयोवात वाणसामानाच्या दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर डबे लावू लागला. १९९९च्या मोसमात तोच माणूस सेंट लुईसकडून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोल जिंकला. तेव्हापासून ग्रीन बेमध्ये कोणाला वाईट म्हणायची सोय उरली नाही. एखाद्यानं सोपा चेंडू सोडला, दुसरा सोडला, तिसरा नाकावर घेतला आणि तुम्ही "हा जाणार" म्हणालात की मागच्या पायरीवरून आवाज येतो, "वॉर्नर!" झालं. वाद संपला.

बरं, वॉर्नर नको म्हणावं तर फार्व आहेच. अटलांटात पहिल्या वर्षी त्यानं चार पास टाकले. दोन शत्रूला गेले आणि आपल्या गड्याला एकही नाही. ग्रीन बेला आल्यावर १९९२मध्ये त्याचा कारकिर्दीतला पहिला पास पूर्ण झाला तो असा, की चेंडू कोणाच्या तरी हाताला लागून परत आला आणि त्यानं स्वतःच झेलला. सात यार्ड मागे. हा चेंडू आमच्या पायऱ्यांवरून कोणी पाहिला असता तर त्या पोराला संध्याकाळच्या बसचं तिकीट काढून दिलं असतं.

गेल्या खेपेला छत्तीस नंबरवरून तात्या आणि मावशींची जुंपली. तात्यांच्या मते असा चपळ पोरगा वर्षानुवर्षं आला नव्हता. मावशींच्या मते तो दगड होता. एक म्हणे, वळतो बघा कसा. दुसरी म्हणे, वळेपर्यंत गडी निघून जातो. अर्ध्या तासानं चिरंजीवांनी फोनवरून मान वर केली. नव्वद जण असले की नंबर पुरत नाहीत, म्हणून एक छत्तीस चढाईत होता आणि एक बचावात. हे दोघे दोन माणसांविषयी बोलत होते. मंडळ क्षणभर गप्प झालं. मग तात्या म्हणाले, "तरी माझा चांगला आहे." ऑगस्टअखेर दोघेही छत्तीस घरी गेले.

तर वाचकहो, शिकागोला मुलाकडे किंवा लेकीकडे येणं झालं तर गाडीनं साडेतीन तासांवर आम्ही आहोत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात या. सराव बघायला तिकीट नाही. नातवंडं बरोबर असतील तर सायकल आणा, ब्रेक तपासून. शिकागोची जर्सी घालून येऊ नका. आणि पायऱ्यांवर कोणी विचारलंच, सर्वांत थोर कोण, तर बेलाशक बार्ट स्टार म्हणा. ताज्या चीज कर्ड्सची पिशवी तात्यांच्या हातात असते.