गाडी मॉडिफाय कशी करावी : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

शोरूममधून आलेली मोटारसायकल अर्धवटच असते, हे तुळजापुरात कोणत्याही पोराला विचारा. देवीचं दर्शन झालं, हार घातला, चाकाखाली लिंबू फोडलं, की खऱ्या कामाला लागावं. क्रम चुकवू नये.

१. आधी काढा. आरसे काढा, मागून येणारी एसटी दिसली की उगाच बाजूला व्हावंसं वाटतं. मागचं मडगार्ड काढा. साडीगार्डही काढा. मागचं निम्मं चाक झाकलेलं असावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. पण आईला मागे बसवायचंच नाही, असं आपलं ठरलेलं असतं. पौर्णिमेला तीच म्हणते, ‘देवळापर्यंत सोड रे.’

२. सायलेंसर बदला. सोलापूर गाठा आणि ‘इंदोरी’ मागा. कंपनीच्या सायलेंसरमधल्या जाळ्या-नळ्या आवाज दाबतात. यात दाबायला काहीच नसतं. घाट चढताना गाडी पूर्वीइतकी ओढत नाही, पण ती ओढत नाही हे अख्ख्या गावाला ऐकू जातं. कायद्यात यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, वर लायसन्स तीन महिने बाद. राज्यात बऱ्याच ठिकाणी पोलिसांनी असे सायलेंसर रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोडरोलर फिरवलाय. गर्दीत उभं राहून आपला ओळखू आला, तरी बोट दाखवू नये.

३. लाइट वाढवा. बऱ्याच गाड्यांना ३५ वॅटचा बल्ब येतो. तिथे ६०/५५ चा बसवा. आधी होल्डर वितळल्याचा वास येतो, मग अंधार होतो. एलईडी बार लावायचा तर कंपनीची वायर कापून टेप मारा. टेप मारली की वायरिंगची वॉरंटी सोडून द्यावी.

४. मागे रुंद टायर टाका. रिम जुनीच ठेवा. टायर चेनगार्डला घासायला लागला की चेनगार्ड काढा. ॲव्हरेज कुणी विचारलं तर विषय बदला.

५. नंबर प्लेट. ४१४१ चं ‘दादा’ करण्याची कला आता मागे पडली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला एचएसआरपी प्लेटच येते. हौस रेडियमवर भागवा. ‘आई राजा उदो उदो’ मागच्या मडगार्डवर लिहून घ्या. मडगार्ड पहिल्याच पायरीत गेलंय हे आठवलं, की टाकीवर.

६. हिशेब करू नका. केलाच तर हेही धरा : मालकानं परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे मोटार वाहन कायद्यात ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हेच बदल पुढे करून क्लेम अडवू शकते. आणि गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘कंपनीचा सायलेंसर ठेवलाय ना?’

तरीही पैसे खिशात राहवत नसतील, तर ब्रेक शू, चेनसॉकेट, दोन चांगले टायर आणि आयएसआय मार्क हेल्मेट घ्या. हे लांबून कुणाला दिसत नाही, ऐकूही येत नाही. पण भरल्या गाडीनं सोलापूरच्या बाजूचा घाट उतरताना एवढंच कामाला येतं.