एक सिलिंडर गैरहजर

महाराष्ट्रात पिकअप म्हटला की कांद्याच्या गोण्या आठवतात आणि मागच्या फाळक्यावर रंगवलेली ‘आई-वडिलांची पुण्याई’. या गाड्या बहुतेक डिझेलच्या, त्यामुळे स्पार्क प्लगचा प्रश्नच येत नाही. इथे टेक्सासात पिकअप पेट्रोल पितो, आठ-आठ सिलिंडर मिरवतो आणि मागे बऱ्याचदा काहीच वाहत नाही. माझाही त्याच जातीचा. म्हातारा, दणकट आणि आठवडाभर दारात नुसता उभा.

हल्ली तो सिग्नलला थांबला की खाकरायचा. चढावर जोर दिला की ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकायचा. नुसता लागून राहिलेला दिवा लोक वर्षानुवर्षं सांभाळतात, पण लुकलुकणारा मनावर घ्यावा. कुठल्यातरी सिलिंडरात ठिणगी नीट पडत नसते. न जळलेलं पेट्रोल पुढे जातं आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून त्याची वाट लावतं. त्या कन्व्हर्टरची किंमत ऐकली की प्लग चणे-फुटाण्याच्या भावात मिळतात असं वाटायला लागतं. कोड रीडर लावला. उत्तर आलं पी-०३०२. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर कामावर नाही.

टू-स्ट्रोक स्कूटरच्या जमान्यात हे निदान रस्त्याच्या कडेला व्हायचं. पेट्रोलात ऑइल मिसळलेलं, तेव्हा प्लग काळा पडायचाच. डिकीत प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि ‘मायको’चा एक जादा प्लग असायचा. (मायको म्हणजे १९५१ साली सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जर्मन बॉशची भारतातली शाखा. २००८ पासून तिचं नावही बॉशच आहे, पण जुने मेकॅनिक अजून मायकोच म्हणतात.) प्लग काढायचा, घासायचा, फुंकर मारायची, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून किक मारायची. निळी ठिणगी दिसली की आसपासच्या बघ्यांनाही समाधान वाटायचं.

पिकअपमध्ये ही हौस भागवू नये. इथे प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते आणि ती बॅटरीच्या बारा व्होल्टचे तीस-चाळीस हजार करते. बघ्यांच्या समाधानासाठी एवढी किंमत मोजायची गरज नाही.

मग बिघडलं काय, कॉइल की प्लग? हे ओळखण्याचा उपाय अस्सल सरकारी आहे. बदली! दोन नंबरची कॉइल उचलून पाचवर टाकायची, पाचची दोनवर आणायची, गाडीला एक चक्कर मारायची आणि कोड पुन्हा वाचायचा. तक्रार कॉइलबरोबर पाचवर गेली तर कर्मचारी नालायक. तक्रार दोनवरच राहिली तर दोष त्या टेबलाचा, म्हणजे प्लगचा, इंजेक्टरचा किंवा आणखी खोलातला. आपल्याकडे बदल्या उदंड होतात, मागाहून कोड मात्र कोणी वाचत नाही.

तक्रार पाचवर गेली. पी-०३०५. कॉइल दोषी ठरली, फाइल बंद करायला हरकत नव्हती. पण दोन नंबरचा प्लग बाहेर काढला आणि प्रकरण इतकं सरळ नाही हे दिसलं. त्याच्या मधल्या टोकाच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, फट चांगलीच रुंदावली होती. एवढी फट ओलांडायची तर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, ते रोज पुरवता पुरवता कॉइल अकाली जाते. काम वाढवणारा खाली आरामात बसला होता आणि मेमो मिळाला वरच्या बाईला.

तेव्हा कॉइल एक, पण प्लग आठही बदलायचे ठरले. इंजिन पार थंड होऊ द्यावं, कारण हेड ॲल्युमिनियमचं. गरम असताना जोर केला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात. प्लग सैल करण्याआधी त्याच्या विहिरीत हवा मारावी, नाहीतर वर्षानुवर्षांची माती थेट सिलिंडरात. सात प्लग निघतात. आठवा केबिनच्या भिंतीला चिकटून असतो, तो दिसत नाही, बोटांनी चाचपायचा. नवा बसवताना रबरी नळीचा वीतभर तुकडा त्याच्या शेंड्यावर खोचून हलक्या हाताने फिरवायचा. आटा वाकडा लागला तर नळी घसरते आणि हेड वाचतं. पान्याला अशी अक्कल नसते.

नव्या प्लगच्या टोकाला इरिडियम असतं, काहींना प्लॅटिनम. असे प्लग लाखभर मैल चालतात म्हणे. बायकोने खोका हातात घेऊन निवांत वाचला. “म्हणजे आपल्या घरात प्लॅटिनम आलं तर,” ती म्हणाली, “फक्त ट्रकला.”

हे सगळं चाललेलं असताना शेजारी हातात कॉफी घेऊन कुंपणाशी उभा होता. आठही कॉइल एकदम बदल, असा त्याचा आग्रह. चालू असलेली वस्तू टाकून द्यायची कल्पना मला सोसत नाही, हे त्याला समजावणं इंजिनापेक्षा अवघड. गाडी सुरू झाली, खाकरणं थांबलं, तशी त्याने मान डोलावली. त्याच्या पिकअपमध्ये हेमी इंजिन आहे, दर सिलिंडरला दोन प्लग, एकूण सोळा.

“पुढच्या शनिवारी काय करतोयस?” त्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत घरातून उत्तर आलं, “त्याला वेळ नाही.”