पडलेल्या सिनेमाचे वकील

प्रत्येकाच्या ओळखीत असा एक माणूस असतोच, जो आपल्याला स्वतःचा आवडता सिनेमा बघायला घरी बोलावतो आणि मग सिनेमा सोडून आपलं तोंड बघत बसतो. तुमच्याही असणार. नसेल तर आमचे वकीलसाहेब घेऊन जा, रिमोटसकट.

कायद्याशी त्यांचा संबंध आला तो बँकेत थकबाकीदारांना नोटिसा धाडण्यापुरता. पण निवृत्तीनंतर त्यांनी पडलेल्या सिनेमांची वकिली सुरू केली आणि डोंबिवलीतल्या त्यांच्या हॉलमध्ये दर रविवारी तारीख पडू लागली. अशिलं पुष्कळ आहेत, लाडकं एकच. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘१९४१’.

बैठकीची रचना आधी समजून घ्या. हॉलमधले सगळे दिवे बंद, फक्त टीव्हीच्या बाजूचा एक लॅम्प चालू. नव्या माणसाला वाटतं, डोळ्यांची काळजी घेतायत. तसं काही नाही. उजेड पाहुण्याच्या तोंडावर पडला पाहिजे. स्वतः वकीलसाहेब टीव्हीला लागून स्टुलावर बसतात, कान पडद्याकडे आणि डोळे आपल्याकडे. सिनेमा त्यांना पाठ आहे. विनोद यायच्या जरा आधी त्यांच्या भुवया वर चढतात आणि आपल्याला कळतं की हसू तयार ठेवायला हवं. लवकर हसलो तर म्हणतात, “अहो, अजून झालंच नाही!” उशिरा हसलो तर, “आत्ता कळलं होय?” वेळेवर हसलो तर, “हे काहीच नाही, पुढे बघा.” आणि हसलोच नाही, तर एक शब्द बोलत नाहीत. रिमोट उचलतात आणि तेवढा भाग मागे नेतात.

शिवाय वही असते. बँकेची जुनी डायरी आहे, तिच्यात पाहुण्याचं नाव, प्रसंग आणि शेरा. ‘पू.’ म्हणजे पूर्ण हसू, ‘अ.’ म्हणजे अर्धं. ‘क.’ म्हणजे कसनुसं. माझ्या नावापुढे एकदा मी चोरून पाहिलं तर ‘क.’ची नुसती रांग. दातदुखी होती म्हणून सांगितलं, तर त्यांनी तारीख घालून तशी टीप लिहिली.

फक्त सिनेमात पाणबुडी आली, की वकीलसाहेब चहा टाकायला आत जातात. तेवढा वेळ माणसाला मोकळेपणानं जांभई देता येते.

आता अशिलाची ओळख. १९७९च्या डिसेंबरात आलेला हा सिनेमा. ‘जॉज’ आणि ‘क्लोज एन्काउंटर्स’ या दोन सिनेमांमुळे लोकांनी डोक्यावर घेतलेला ३२ वर्षांचा दिग्दर्शक, हाताशी दोन बड्या कंपन्यांचा पैसा, आणि नट तर विचारूच नका. डॅन ॲक्रॉइड आहे, जॉन बेलुशी आहे, नेड बीटी आहे, जॉन कँडी आहे. कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’तला तोशिरो मिफुने जपानी पाणबुडीचा कप्तान, आणि ड्रॅक्युला म्हणून जगाला घाबरवलेला क्रिस्टोफर ली तिच्यावरचा नाझी पाहुणा. एक जपानी बोलतो, दुसरा जर्मन, आणि दोघांचं भांडण सुरळीत चालतं. काळ पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतरचा सहावा दिवस, म्हणजे १३ डिसेंबर १९४१. आता जपानी आपल्यावर उतरणार या धास्तीनं कॅलिफोर्नियातली यच्चयावत माणसं बिथरतात आणि शत्रूला फारसे कष्ट न देता स्वतःच सगळ्याची मोडतोड करून ठेवतात. संपली गोष्ट. बाकी दोन तास आवाज.

मुळात घोटाळा होतो नावापासूनच. वकीलसाहेब फोनवर सांगतात, “रविवारी या, एक्केचाळीस बघायचाय.” शेजारच्या आजी या भरवशावर आल्या, की बेचाळीसच्या चळवळीचा हा आधीचा भाग असणार. नऊवारी नेसून, हातात चष्म्याची डबी घेऊन पहिल्या खुर्चीवर बसल्या. आणि पहिल्याच प्रसंगात एक तरुणी अंगावरचं सगळं काढून समुद्रात शिरली. खरं म्हणजे ही स्पीलबर्गनं स्वतःचीच उडवलेली टर आहे. ‘जॉज’च्या सुरुवातीला शार्कच्या तोंडी गेलेलीच नटी, सूझन बॅकलिनी, इथे पुन्हा पोहायला उतरते, तेच काळीज धडधडवणारं संगीत सुरू होतं आणि शार्कऐवजी खालून पाणबुडी वर येते. हे सगळं वकीलसाहेबांनी आजींना समजावून सांगायला हवं होतं, पण पाणबुडी आल्यामुळे ते आत चहा टाकत होते. आजींनी चष्मा डबीत ठेवला आणि म्हणाल्या, “आमच्या वेळी लोक तुरुंगात गेले होते.”

तरी त्या शेवटपर्यंत बसल्या, आणि सिनेमाची सगळ्यात खरी समीक्षा त्यांनीच केली असं माझं मत आहे. नेड बीटीच्या अंगणात लष्कर विमानविरोधी तोफ आणून ठेवतं. हिला हात लावायचा नाही, असं बजावूनही हा देशभक्त पाणबुडीवर नेम धरतो आणि स्वतःच्याच घरातून आरपार गोळे डागतो. शेवटी उरल्यासुरल्या घराच्या दारावर नाताळची माळ ठोकायला जातो, तर ते अख्खं घर कड्यावरून घसरून समुद्रात. वकीलसाहेबांच्या भुवया टाळूला लागल्या. लॅम्पच्या उजेडात आजींच्या तोंडावर हसण्याचं चिन्ह नव्हतं. त्यांनी विचारलं, “कर्ज फिटलं होतं का हो घराचं?”

बत्तीस वर्षं कर्जखात्यात काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारावा? वकीलसाहेब सिनेमा थांबवून विचारात पडले.

दुसरे साक्षीदार म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदारमामा. रंगाच्या कारखान्यातून रणगाडा आरपार जातो, भिंती फुटतात, सगळा रंगारंग होतो. मामांनी मान हलवली. “इंजिनाची वाट लागली असणार.” पाहुणा म्हणून आलेला कुणाचा तरी जावई, तो मोबाइल खाली ठेवेना, पण सगळ्या मारामाऱ्या खऱ्या माणसांनी आणि खऱ्या छोट्या प्रतिकृती बांधून केल्यात, संगणक नाही, म्हटल्यावर त्यानं वर पाहिलं आणि आदरानं पुन्हा खाली पाहिलं. फिल्म सोसायटीचे एक गृहस्थ होते. ते ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ आणि युद्धविरोधी उपहास यावर इतकं बोलले, की त्याच सिनेमात बाँबवर स्वार होणारा स्लिम पिकेन्स इथे समोर होकायंत्र गिळत होता, ते त्यांनी पाहिलंच नाही. त्यांच्या नावापुढे वहीत शेरा आहे: ‘बोलत होते.’

मग धक्क्यावरचं ते जायंट व्हील. पाणबुडीच्या माऱ्यानं ते सुटतं आणि दोन पहारेकरी व एका बोलक्या बाहुलीला घेऊन धक्क्यावरून गडगडत जाऊन समुद्रात पडतं. अप्रतिम प्रसंग आहे, मान्य. पण हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांच्या कपाळावर त्या वेळी एकच आठी होती, आणि ती आठी मी ओळखतो. ती नुकसानभरपाईची आठी आहे. आपला मध्यमवर्ग कपबशी फुटली तर आधी कान टवकारतो, की सेटमधली होती का. घर मिळत नाही म्हणून दोन पुरुष बायकांच्या वेषात पुण्यात भाडेकरू होतात, तो ‘अशी ही बनवाबनवी’ आपण १९८८पासून आजतागायत पोट धरधरून बघतो, कारण त्यात खोली मिळते. इथे हा माणूस आपली खोली समुद्रात घालवतो. यात हसायचं काय? स्पीलबर्गला डोंबिवली माहीत नव्हती, त्याला कोण काय करणार.

अमेरिकेला तरी कुठे हसू आलं? तिथेही समीक्षकांनी सोलून काढलं. जॉन वेननं तर जनरलची भूमिका नाकारताना हा सिनेमा काढूच नकोस म्हणून विनवलं होतं, ही आठवण खुद्द स्पीलबर्गनंच सांगितली आहे. वकीलसाहेबांना हे सगळं तोंडपाठ, आणि सगळ्यावर उत्तर एकच: “पडला नव्हता!” हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणतात ते वहिनींना विचारा. “साडेतीन कोटी डॉलर खर्च, जगभरात नऊ कोटींच्या वर गल्ला. याला पडणं म्हणतात? छायाचित्रण, ध्वनी, स्पेशल इफेक्ट्स, तीन ऑस्कर नामांकनं. पडणाऱ्याला मिळतात? लिहिणारे झेमेकिस आणि गेल, पुढे ‘बॅक टू द फ्यूचर’ त्यांनीच लिहिला. पडलेली माणसं लिहितात?” एकदा मी म्हटलं, सिनेमात घर पडतं, चाक पडतं, विमान पडतं, एकट्या सिनेमालाच पडायची बंदी का? पुढे बराच काळ मला आमंत्रण नव्हतं. नंतर आलं, तेव्हा १४६ मिनिटांची लांबवलेली आवृत्ती लावली होती. शिक्षा वाढवून मिळाली, असं मी समजलो.

एका बाबतीत मात्र त्यांचं ऐकावंसं वाटतं, आणि हे मी नाइलाजानं लिहितो आहे. हे सगळं निव्वळ कल्पनेतून आलेलं नाही, असं ते सांगू लागले की स्टूल सोडून खुर्चीवर बसतात आणि आपल्या तोंडाकडे बघायचं विसरतात. २३ फेब्रुवारी १९४२ला एका जपानी पाणबुडीनं सांता बार्बराजवळच्या एलवुडच्या तेलक्षेत्रावर खरोखरच गोळे टाकले. नुकसान किरकोळ, भीती अफाट. पुढच्याच रात्री लॉस एंजेलिसमध्ये भोंगे वाजले, शहर काळोखात गेलं आणि विमानविरोधी तोफांनी आकाशात १,४००हून जास्त गोळे उडवले. शत्रूचं एकही विमान आलेलं नव्हतं. माणसं मेली ती अंधारात मोटारी धडकून आणि छातीत कळ येऊन. नौदलाच्या मंत्र्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं की धोक्याची सूचना खोटी होती.

“आमच्याकडेही तेच हो,” वकीलसाहेब म्हणतात आणि गिरगावात शिरतात. डिसेंबर १९७१. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, जिन्यात वाळूच्या बादल्या. भोंगा वाजला की अख्खी चाळ गॅलरीत, कारण घरात बसलं तर विमान दिसणार कसं? आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ वॉर्डन झालेले. दंडाला पट्टी, तोंडात शिट्टी. एका रात्री तळमजल्यावर कुणाच्या तरी फटीतून उजेड दिसला म्हणून ते अंधारात शिट्टी फुंकत धावले, आणि सरळ चौकातल्या हौदात! शिट्टी तोंडातच. वर बुडबुडे आणि खालून फुर्रर्र आवाज. चाळीला वाटलं, हल्ला झाला.

इथे हॉलमध्ये हशा फुटतो. आजी हसल्या, सुभेदारमामा हसले, जावयानं मोबाइल खाली ठेवला. साडेतीन कोटी डॉलरला जे जमलं नाही, ते एका हौदानं केलं. गंमत म्हणजे हे हसू वकीलसाहेब वहीत मांडत नाहीत. मी म्हटलं, ‘पू.’ लिहा की आता. तर म्हणाले, “ते सिनेमातलं नाही,” आणि सिनेमा पुढे चालू केला.

परवा पाणबुडी आली तेव्हा घरात दूध नव्हतं. वकीलसाहेब पिशवी आणायला खाली उतरले. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्याच चाळीतल्या त्या. माहेर तळमजला.

“भावजी, ते हौदवाले गृहस्थ कोण, माहीत आहे?”

मी म्हटलं, नाही.

“आमचे सासरे. दुसऱ्या दिवसापासून सगळी चाळ त्यांना पाणबुडी म्हणायची. ऑफिसातून येताना पोरं जिन्यात उभी राहून फुर्रर्र करायची. ह्यांना शाळेत पाणबुडीचा मुलगा. सासऱ्यांनी ती पट्टी काढून ठेवली, युद्ध संपलं, सगळं झालं; नाव काही सुटलं नाही.”

“वकीलसाहेबांना तेव्हा फार लागलं असेल.”

“कसलं लागतंय! दहा वर्षांचं पोर. त्या रात्री गॅलरीत पहिले हेच हसले. ह्यांचं बघून मग बाकीचे.” त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. तोशिरो मिफुने दुर्बिणीतून हॉलिवूड शोधत होता. “सासऱ्यांनी वर बघितलं होतं म्हणतात, कोण हसलं ते. अंधारात काय दिसणार?”

जिन्यात चपलांचा आवाज आला. वहिनी उठल्या.

“आणि उजेड आमच्याच खोलीतला होता. आईनं पेजेसाठी स्टोव्ह पेटवला होता, मी तापानं फणफणले होते म्हणून. तुम्ही सगळे हसता, पण अख्ख्या चाळीचं वापरायचं पाणी होतं ते, भावजी. हौद उपसून घासावा लागला. आई दोन दिवस शेजारच्या चाळीत रांगेला उभी होती, आणि तिथली माणसं विचारायची, तुमच्याकडे म्हणे पाणबुडी बुडाली?”