सोमवारकर

प्रत्येक सोसायटीत एक तरी सोमवारकर असतात. दारावरची पाटी निराळी असेल, माणूस तोच. चांगलं ते सगळं सोमवारपासून. सोमवार हुकला तर एक तारीख, ती हुकली तर गुढीपाडवा, आणि सूर्यनमस्कारांसाठी थेट रथसप्तमी.

आळशी? छे! आळशी माणूस एवढी तयारी करतो होय? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार कसा केला, यावर ते तासभर बोलतील. खास मॅट आणलेली. ती बरोबर पूर्वेला यावी म्हणून मोबाइलमधलं होकायंत्र बघून फरशीवर खडूची रेघ. गजर पाचचा. जाग आली पाच वाजून दहा मिनिटांनी. "गेलं! आता कसले नमस्कार," म्हणून जे पांघरूण डोक्यावरून ओढलं, ते आठला उतरलं. दहा मिनिटं वाया गेली म्हणून तीन तास झोपायचं, हा हिशेब त्यांनाच जमतो.

डायरीचंही तेच. वर 'श्री', समासाला लाल रेघ, मोत्यासारखं अक्षर. तिसऱ्या पानावर एक खाडाखोड झाली की डायरी बाद. उरलेल्या पानांवर वहिनी दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब मांडतात. वाकडातिकडा, कधी पेन्सिलीने, कधी लेकीच्या स्केचपेनने, मध्येच हळदीचं बोट. चार दिवस राहून गेले तर पाचव्या दिवशी एकदम. लग्न झाल्यापासून हे चालू आहे, आणि याला काही नियमितपणा वगैरे म्हणतात हे त्या घरात कुणाच्या गावीही नाही.

परवा लेकीने वाचून दाखवलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस. कुणाला १८ पुरतील, कुणाला २५४ लागतील असा अंदाज. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही.

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाल्या. "अहो, दूधवाल्याने एक खाडा केला म्हणून आपण दूध बंद करतो का?"

सोमवारकरांच्या कानात फक्त ६६ शिरले. लगेच कालनिर्णय खिळ्यावरून खाली. सलग ६६ दिवस, तेही निर्वेध! श्रावणात उपास, मग गणपती; पितृपंधरवड्यात नवं काही सुरू करायचं नाही; नवरात्र, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू. पुढे मार्चअखेर. आंब्यांकडे छातीवर दगड ठेवून डोळेझाक केली तेव्हा कुठे एप्रिलपासूनचा एक पट्टा निघाला. पट्टी घेऊन लाल पेनाने ६६ चौकटी आखल्या. सुरुवात अर्थातच सोमवारी.

त्या सोमवारी दूधवाला आला नाही. वहिनींनी सवयीने पहिल्याच लाल चौकटीत लिहिलं : 'खाडा'.

सोमवारकरांनी चष्मा लावून ते वाचलं.

"बघ," ते म्हणाले, "आता पुढच्या वर्षीचं कॅलेंडर येईपर्यंत थांबणं आलं."