होऊन जाईल, बसा!

जिंतूर असो, सेलू असो की गंगाखेड, परभणी जिल्ह्यात तहसीलच्या आसपास दहा बाय दहाचं एक ई-सेवा केंद्र असतंच आणि त्यात एक 'भाऊ' असतो. कॉम्प्युटर जुना, रॅम चार जीबी. पण गिऱ्हाइकं कितीही येवोत, भाऊच्या तोंडात नकार नाही. सातबारा? "होऊन जाईल, बसा." उत्पन्नाचा दाखला? बसा. सोयाबीनचा विमा? अहो मामा, बसा की!

प्रत्येकासाठी तो ब्राउझरात नवी टॅब उघडतो, जुनी मिटत नाही. "तिच्यावर ओटीपी यायचाय." 2023 च्या खरिपात पीक विमा एक रुपयात झाला, तेव्हा तर टॅबांची नावंही दिसेनात, नुसते ठिपके.

मग मशीन थबकतं. भाऊ डेस्कटॉपवर उजवं बटन दाबून सात-आठ वेळा रिफ्रेश मारतो. त्यानं तसूभरही मेमरी मोकळी होत नाही, हे भाच्यानं सांगून झालंय. हात ऐकत नाही. मग डबड्याला एक थाप. मग जाहीर निवाडा: "सर्व्हर डाऊन हाय, मुंबईहूनच!" इकडे टेबलाखाली हार्ड डिस्कचा दिवा सारखा फडफडत असतो. रॅममध्ये मावेना ते विंडोज डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये नेऊन ठेवतंय, लागलं की परत आणतंय. सगळा जीव त्या हेलपाट्यांत चाललेला.

भाचा इंजिनिअरिंगला. त्यानं आतल्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकून दिलं, आणि ते निघालं थेट मामाच्या वळणाचं. प्रोग्रॅम मागेल तेवढी मेमरी ते बहुतेक वेळा खुशाल कबूल करतं. मागणारे सगळी थोडीच वापरतात! विंडोज याबाबतीत बँकेतल्या कॅशियरसारखं. रॅम आणि पेजफाईल मिळून जेवढी शिल्लक, तेवढंच कबूल, पुढं खिडकी बंद. लिनक्सच्या कबुल्या मात्र सगळ्या एकदम वसुलीला आल्या की पंचाईत. आधी कॅशे रिकामी करायची, मग स्वॅपमध्ये कोंबायचं, आणि तरी भागलं नाही तर 'ओओएम किलर' उठतो. तो सगळ्यांना गुण देतो. ज्यानं मेमरी जास्त खाल्ली त्याला गुण जास्त, आणि पहिला आला तो ठार. फक्त ज्याला उणे 1000 ची सवलत लावून ठेवलीय, त्याच्या वाटेला तो जात नाही.

हे ऐकून भाऊ हबकलाच. "म्हंजी ब्राउझरच मारणार? आरं, त्याच्यातच तर सगळ्या गावाचा विमा हाय!"

भाऊची निवड निराळी असते. झेरॉक्सवालं पोरगं पहिलं बाहेर: "समोर जा लेकरा, तिथं स्वस्त हाय." फोटोवाले उद्यावर. निराधारच्या कागदांसाठी आलेल्या म्हातारीला मात्र उणे हजार. "आजी, तुमी हालू नका. व्हायलंय." विमेवाल्यांना चहा सांगितला जातो. तरीही चाक गरगरतच राहिलं की भाऊ टॅबांच्या रांगेवरून नजर फिरवतो आणि एकच टॅब मिटतो: मेव्हण्याच्या लग्नासाठी काढायला घेतलेलं पुण्याचं तिकीट. नाव, वय भरून झालेलं, पैसे भरायच्या पानावर आलेलं. तेवढ्यात बायकोचा फोन.

"झालं का?"

"सर्व्हर डाऊन हाय," भाऊ सांगतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बसायची खूण करतो.